तेविसावं पान

बेहाला, कोलकाता
शनिवार, १४ जून २०२५

चि. तेजू,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. तू फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून तुझ्या बाबांकडून साताऱ्याचा पत्ता मागून घेतला. त्यांनी दिला, पण देताना म्हणाले, "सर, पत्रच पाठवा. येऊ नका." तुझे बाबा, सुभेदार निकम, इथे फोर्ट विल्यमच्या छावणीत होते तेव्हा माझ्याशी असे कधी बोलले नव्हते. असो.

इकडे सगळं ठीक आहे. देवयानीकाकूचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. आमचा सुयश बारावीला गेला, पण गणिताच्या नावाने ठणठणाट. तू गेल्यापासून त्याला कोणाचं शिकवणं पटत नाही.

विद्यापीठाने एक नवीन टूम काढली आहे: पीएचडीच्या मार्गदर्शकांसाठी प्रशिक्षण. सात शनिवार, दहा ते चार. चौदा विद्यार्थ्यांच्या पीएचडी पार पाडून झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आता मला शिकवणार की मार्गदर्शन कसं करावं. सगळ्यांनाच सक्तीचं आहे म्हणे. शिकवायला पौलमी गुहठाकुरता नावाची बाई आहे, माझ्या पहिल्या विद्यार्थ्यापेक्षा वयाने लहान. आज पहिला दिवस होता. तिने रंगीत चिकट चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाली, तुम्ही स्वतः कोणता प्राणी आहात ते लिहा. मी 'बैल' लिहिलं. रसायनशास्त्राचे दत्तबाबू शेजारी होते, त्यांनी 'वाघ' लिहिलं आणि दुपारभर डुलक्या काढल्या.

मग ऐकण्याचा खेळ झाला. जोडीदार तीन मिनिटं बोलणार, आपण फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. समोर घड्याळ लावलं होतं. मी चाळिसाव्या सेकंदाला म्हणालो, "त्यापेक्षा तुम्ही असं करा." सगळे हसले. मला काही त्यात हसण्यासारखं दिसलं नाही. बिस्किटं मात्र चांगली होती.

आता कामाचं. तुझ्या नकाशांच्या फायलीचा पासवर्ड कळव. सुयशसाठी काढलेल्या कॅल्क्युलसच्या नोट्स तुझ्याकडे असतील तर त्याही पाठव, त्याची परीक्षा तोंडावर आहे.

आणि तुझी नोंदणी ३१ ऑक्टोबरला संपते, हे लक्षात असेलच. सहा वर्षांची मुदत संपली की विद्यापीठ कोणाचं ऐकत नाही, सगळं काम फुकट जाईल. तेव्हा राग सोड आणि ये. आपल्या माणसांवर असं रुसून बसू नये.

तुझा,
उदयकाका


बेहाला
रविवार, २२ जून २०२५

प्रिय तेजस्विनी,

मागचं पत्र टाकून आठ दिवस झाले. त्यात मी तुला एक गोष्ट खोटी सांगितली. प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं नाही. पहिल्या तुकडीत आम्ही अकरा जण आहोत, आणि आम्हाला निवडून काढलेलं आहे. संशोधन अर्धवट सोडून जाणाऱ्या मुलांकडून विद्यापीठ जो फॉर्म भरून घेतं, त्यावरून. म्हणजे तू जानेवारीत भरलास तो.

हे मला पहिल्या दिवशीच माहीत होतं. तुला लिहायला लाज वाटली.

काल पौलमीने एकेकाला बाजूला घेऊन आपापल्या फॉर्ममधलं एक वाक्य दाखवलं. नाव झाकलं होतं, पण माझ्याकडून गेल्या सहा वर्षांत एकच विद्यार्थिनी सोडून गेली. तू इंग्रजीत लिहिलं होतंस, मी मराठीत सांगतो: 'सर वाईट नाहीत. पण त्यांच्या घरात मी मुलगी झाले आणि त्यांच्या विभागात विद्यार्थिनी राहिले नाही.'

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पौलमीला सुनावलं. म्हटलं, आम्ही मराठी माणसं इथे मूठभर. मुलीचे वडील फौजेत, आज इथे तर उद्या बदली. त्यांची बदली झाल्यावर मुलगी हॉस्टेलला एकटी. तिला आम्ही पोटच्या मुलीसारखं वागवलं, आणि हे त्याचं फळ.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. तीन मिनिटं नक्कीच झाली असतील. मग विचारलं, "सार, बाकीचे विद्यार्थी तुमच्या घरी काय कामं करायचे?"

मी म्हणालो, "ते कशाला कामं करतील? ते परके."

बोलून गेलो आणि ते माझ्याच कानांवर आलं. ती पेनाशी चाळा करत बसली. ऐकणं शिकवणाऱ्या माणसांचं हेच वाईट, तुम्हाला तुमच्याच बोलण्याबरोबर एकटं सोडून देतात.

येताना माजेरहाटहून मेट्रो घेतली आणि बसल्याबसल्या आठवत गेलो. २०१९च्या गणपतीत बाबा तुला मराठी मंडळात घेऊन आले. कोलकात्यात मराठी प्राध्यापक मिळाला म्हणून त्यांना किती बरं वाटलं होतं. देवयानी तेव्हाच तुला म्हणाली, "विभागात सर, घरी काका म्हणायचं." तिथून सुरुवात झाली. देवयानीला डॉक्टरकडे न्यायचं, तेजू. गॅसवाल्याला फोन करायचा, तेजू, कारण तुझं बंगाली आमच्याहून गोड. सुयशचं गणित आठवड्यातून चार संध्याकाळी. त्याचं मराठीसुद्धा तूच सुधारलंस. तो बंगाल्यांसारखं 'पाणी खाल्लं' म्हणायचा आणि तू त्याला पुन्हा पुन्हा 'प्यायलं' म्हणायला लावायचीस. मी शेजारच्या खोलीत बसून माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा, अर्कोचा, निबंध तपासायचो, आणि घरात मराठी ऐकू येतंय म्हणून सुखावायचो.

२०२३ साली अर्को दिल्लीच्या परिषदेला गेला. तुझंही नाव होतं. नेमका गणपतीचा आठवडा होता आणि मंडळाला दीडशे उकडीचे मोदक हवे होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कोलकात्यात तेजूसारख्या कळ्या आणखी कोणाला येणार?" ते मी मोठ्या कौतुकाने म्हणालो होतो. तू दिल्लीला गेली नाहीस. का गेली नाहीस, हे मी विचारलंही नाही.

पासवर्ड नको. नोट्सही नकोत. तुझी समजूत काढायला लिहिलेल्या पत्रातसुद्धा मी तुला दोन कामं सांगितली, हे देवयानीने माझ्या लक्षात आणून दिलं. तीही म्हणाली की त्यातली निम्मी चूक तिची आहे. उत्तर पाठवायला हवंच असं नाही. पौलमीने बजावलं आहे, लिहायचं तर उत्तराची वाट न बघता लिहा.

उदय पेंडसे


बेहाला
रविवार, ६ जुलै २०२५

प्रिय तेजस्विनी,

आज जे लिहायचं आहे ते तीनदा लिहून फाडलं.

काल आम्हाला एक तक्ता भरायचा होता. विद्यार्थ्याने प्रकरण आणून दिल्यापासून आपण ते तपासून परत देईपर्यंत किती दिवस गेले, हे एकेकाचं लिहायचं. बाकीच्यांनी अंदाजपंचे भरलं. मला मात्र अंदाजाची सोय नव्हती. मसुद्याच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'आला' आणि 'गेला' अशा तारखा टाकायची माझी सवय तुला माहीतच आहे. नव्या मसुद्याबरोबर शेरे मारलेला जुना मसुदा परत आणून द्यायचा, हीसुद्धा माझीच पद्धत. त्यामुळे सगळे कागद माझ्या कपाटात होते. मी ते शुक्रवारी काढून तारखा उतरवून नेल्या होत्या.

अर्को: नऊ दिवस, बारा, सात, दहा, अकरा. त्याच्या आधीच्या मुलांचंही तेच, पंधराच्या वर कोणी नाही. माझी शिस्त विभागात प्रसिद्ध आहे आणि मला तिचा अभिमान आहे.

तुझं पहिलं प्रकरण: दहा दिवस. दुसरं: एकेचाळीस. तिसरं: सत्तर. चौथं: चार महिने. पाचवं गेल्या वर्षी १२ फेब्रुवारीला आलं आणि मी ते २० ऑगस्टला परत दिलं. तू ते सुधारून ४ सप्टेंबरला पुन्हा दिलंस, ते जानेवारीत तू गेलीस तेव्हाही कपाटातच होतं. मिळून अकरा महिने.

जसजशी तू आमच्या घरची होत गेलीस तसतसे दिवस वाढत गेले, हे त्या तक्त्यात कोणालाही दिसत होतं. माझ्या मनात काही वाकडं नव्हतं, यावर विश्वास ठेव. अर्कोचं आलं की वाटायचं, परक्याचं पोर, त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. तुझं आलं की वाटायचं, घरचीच आहे, थांबेल.

पौलमीने विचारलं, "पाचव्या प्रकरणात काय अडचण होती?" मी म्हटलं, बघून सांगतो.

दुपारी सुटल्यावर विभागात गेलो, कपाट उघडलं आणि दोन्ही प्रती घेऊन बसलो. पहिल्या प्रतीवर वरच माझा शेरा आहे, माझ्याच अक्षरात: 'ठीक. भाषा अजून घट्ट हवी. पान २० नंतर जरा पाल्हाळ.'

मग मी पान २० नंतरचा पाल्हाळ वाचायला घेतला.

तेविसाव्या पानावर, इंग्रजी मजकुराच्या मधोमध, एक देवनागरी ओळ आहे. तुला पाठ असेल. 'सर, इथपर्यंत वाचलंत तर मला एक फोन करा. मला हे सोडून द्यावंसं वाटतंय.'

डोळे मिटून पानं उलटणाऱ्यालाही दिसली असती. तेजस्विनी, मी ते प्रकरण वाचलं नव्हतं. एक पानही वाचलं नव्हतं. भाषा घट्ट हवी आणि पाल्हाळ आहे, हे शेरे मी कोणाच्याही प्रबंधावर मारू शकतो आणि ते बहुधा खरेच ठरतात. तसेच मारले आणि दिलं परत.

दुसऱ्या प्रतीतही तेविसाव्या पानावर तीच ओळ आहे. फक्त 'एक फोन करा' हे शब्द तू ठळक केले आहेस.

ती प्रत तू ४ सप्टेंबरला दिलीस. गणपती ७ तारखेला होते. ६ तारखेला मी तुला फोन केला होता. मला आठवतं, आणि तुलाही आठवत असणार. फोन वाजल्यावर तुला काय वाटलं असेल, याचा विचार काल दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. मी विचारलं होतं, नारळ किती आणू.

तू म्हणालीस, "पंचवीस पुरे होतील, काका."

उदय पेंडसे


बेहाला
रविवार, २७ जुलै २०२५

प्रिय तेजस्विनी,

सोबत तीन गोष्टी आहेत. आधी पत्र वाच, मग त्या बघ.

पाचवं प्रकरण मी वाचलं. एकदा सरळ, एकदा पेन्सिल घेऊन. नंतर एकदा छत्री घेऊन, ते सांगतो.

तू लिहिलं आहेस की आमच्या बेहाल्याच्या या भागात पाणी तुंबतं ते गटारं लहान आहेत म्हणून नव्हे. भरतीच्या वेळी खालच्या कालव्यातलं पाणी उलटं चढतं आणि गटारांना बाहेर पडायला वाटच राहत नाही. मी वीस वर्षं या गल्लीत राहतो. वीस वर्षं वर्गात उताराचं गणित शिकवतो आणि दर पावसाळ्यात दारात उभा राहून गटारं बांधणाऱ्यांचा उद्धार करतो. गेल्या आठवड्यात सकाळी सातला पाऊस थांबला तेव्हा तुझा नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाली उतरलो. भरतीची वेळ आधी बघून ठेवली होती. पाऊस थांबून पाऊण तास झाला तरी मिठाईच्या दुकानासमोरचं पाणी चढत होतं. मी कागदी होडी करून सोडली. ती वरच्या अंगाला, माझ्या दिशेने आली. दुकानदाराला वाटलं, मास्तरांचं डोकं फिरलं. मी त्याला तुझा नकाशा दाखवला आणि सांगितलं, माझ्या विद्यार्थिनीने काढलाय.

असं म्हणायचा अधिकार मला किती आहे, ते माहीत नाही. पण म्हणताना फार बरं वाटलं.

तर सोबतची पहिली गोष्ट म्हणजे हे प्रकरण. त्यावर पेन्सिलीने चौतीस शेरे आहेत. 'भाषा घट्ट हवी' असा एकही नाही. कोपऱ्यात तारखा आहेत: घेतलं ५ जुलै, वाचून झालं १६ जुलै. अकरा दिवस.

दुसरी गोष्ट म्हणजे मार्गदर्शक बदलण्याचा फॉर्म. तू फॉर्म भरून गेलीस तरी तुझी नोंदणी अजून रद्द झालेली नाही, मी ऑफिसात जाऊन खात्री केली. डॉ. सुदेष्णा नंदी तुला घ्यायला तयार आहेत. त्यांना मी प्रकरण दाखवलं, त्यांनी चार दिवसांत वाचलं, आणि 'ही मुलगी तुम्ही सोडलीत कशी,' असं मला विचारलं. माझी हरकत नसल्याची सही केली आहे, त्यांच्या संमतीचीही आहे. तुझ्या सहीची जागा तेवढी रिकामी आहे. सही नाही केलीस तरी मी काही म्हणणार नाही, आणि बाबांना फोनही करणार नाही.

फक्त तारखेचं सांगतो. कागदावर ३१ ऑक्टोबर आहे, पण दुर्गापूजेच्या सुट्टीत इथे काही हलत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून २४ सप्टेंबर हीच शेवटची तारीख धर. त्याआधी विभागापुढे एकदा मांडणीही करावी लागेल.

तिसरी गोष्ट तो तक्ता. मूळ माझ्याकडे आहे, ही नक्कल. काल शेवटचा शनिवार होता, प्रत्येकाने काहीतरी सादर करायचं होतं. मी तो तक्ता फळ्यावर काढला. तुझं नाव लिहिलं नाही, 'घरची' एवढंच लिहिलं. दत्तबाबू चक्क जागे होते. शेवटी मला जिन्यात गाठून म्हणाले, "पेंडसेमोशाय, माझ्याकडे माझा भाचाच पीएचडी करतोय. मलाही तारखा शोधायला हव्यात." मग आम्ही दोघं खाली उभ्याउभ्या चहा प्यायलो.

मी आज आभार मानायला लिहितो आहे. तू फॉर्मवर मला शिव्या घालू शकली असतीस, तुझा तो हक्क होता. तू 'सर वाईट नाहीत' असं आधी लिहिलंस आणि मग खरं ते लिहिलंस. त्या पहिल्या तीन शब्दांमुळे मला पुढचं वाचता आलं. तीस वर्षांत मी कोणाला इतकं नीट चुकीचं दाखवून दिलेलं नाही.

उदय पेंडसे


बेहाला
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय तेजस्विनी,

ऑगस्टमध्ये तुझं पाकीट आलं तेव्हा देवयानीने ते आधी उन्हात धरून बघितलं. आत पत्र नव्हतं, सही केलेला फॉर्म होता आणि माझे चौतीस शेरे. सत्तावीस मान्य केलेले, आणि सातांपुढे तुझ्या बारीक अक्षरात 'नाही, कारण' आणि कारण. सातपैकी पाच ठिकाणी तुझंच बरोबर आहे. उरलेल्या दोन्हींवर मी अजून भांडायला तयार आहे, पण आता ते काम सुदेष्णांचं.

शुक्रवारी तुझी मांडणी झाली. मी मागच्या रांगेत बसलो होतो, तू पाहिलंस. घरी त्यावरून महाभारत झालं, ते तुला माहीत नाही. तू कोलकात्यात आलीस आणि विद्यापीठाच्या अतिथिगृहात उतरलीस, हे देवयानीला कळल्यावर ती पिशवी घेऊन निघालीच. मी म्हटलं, तिला आपल्याकडे बोलवायचं नाही. ती म्हणाली, "पोरगी हजार कोस प्रवास करून गावात येते आणि तिला जेवायला घालायचं नाही? हे शिकवलं का तुमच्या शाळेत?" मी म्हणालो, हेच शिकवलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी स्वतःच विभागाच्या जिन्यात डबा घेऊन उभी राहिली. घरी येऊन मला म्हणाली, "तेजूने डबा घेतला. म्हणाली, काकू, डबा घेते, घरी नाही येत. आणि पाया पडायला वाकली तर मीच तिला वाकू दिलं नाही." तिलाही कळलंय, फक्त माझ्यासारखा तिला तक्ता लागला नाही.

तुझी मांडणी चांगली झाली. चांगली म्हणजे काय ते सांगतो, कारण न बोलणं म्हणजेच शाबासकी असं मी जन्मभर मानत आलो आणि ते चुकीचं आहे, असं मला शिकवलं गेलंय. तू आधी मिठाईच्या दुकानासमोरचा फोटो दाखवलास आणि मग आकडे, त्यामुळे सगळे जागे राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आडवा प्रश्न विचारला तेव्हा तू 'मला माहीत नाही' असं सरळ सांगितलंस. आणि भरतीच्या वेळांचा आलेख मी पाहिलेल्या आलेखांत सर्वांत स्वच्छ आहे.

मी एक प्रश्न विचारला. हात वर करण्याआधी तो दोनदा वहीत लिहून बघितला, चौदा विद्यार्थी झाले पण असं कधी केलं नव्हतं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "चांगला प्रश्न आहे, सर," आणि उत्तर दिलंस.

सहा वर्षं मी तुझ्याकडून 'काका' म्हणवून घेतलं. परवाचं 'सर' त्याहून मोठं वाटलं. सुयशला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, पण तुम्ही सरच आहात ना?" त्याला म्हटलं, मध्ये थोडा खंड पडला होता.

आता दहा दिवस राहिले. छपाई, बांधणी, पाच प्रती, ग्रंथालयाचा दाखला. मी यातल्या कशातही येत नाही, आलो तर मदत म्हणून काहीतरी घोळ घालीन. फक्त एक सांगतो: बाइंडिंगवाला विश्वकर्मा पूजेला, म्हणजे १७ तारखेला, दुकान बंद ठेवतो. हे पत्र टपालाने न पाठवता अतिथिगृहात ठेवून जातो, मिळताच त्याला गाठ.

उदय पेंडसे


बेहाला
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय तेजस्विनी,

प्रबंध २२ सप्टेंबरला जमा झाला, हे सुदेष्णांनी त्याच दिवशी कळवलं होतं. दोन दिवस हातात ठेवून. मी लगेच लिहिलं नाही. माझं अभिनंदन पोचेपर्यंत तुझ्या आनंदाने खोळंबून राहावं, असं मला नको होतं.

सुट्टी संपल्यावर विभागाची प्रत बघायला मागितली. सुदेष्णा म्हणाल्या, तेजस्विनीला विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी प्रत टेबलावर आली, म्हणजे तू हो म्हणाली असशील. दोनशे बारा पानं. पेन्सिल घरी ठेवून वाचली. आठ दिवस लागले. वाचताना शेरा मारायचा नाही म्हटलं की किती वेगळं दिसतं. चौथ्या प्रकरणात तू त्या पंपवाल्या म्हाताऱ्याशी बोललीस तो भाग मी चार महिने उशाशी ठेवून वाचला नव्हता, याची आता खरोखर चुटपुट लागली.

ऋणनिर्देश मी मुद्दाम शेवटी वाचला. खरं तर भीती वाटत होती. माझं नाव नसेल असं धरून चाललो होतो, आणि नसतं तर ते योग्यच होतं. इतर मुलांच्या प्रबंधात माझ्यावर आठ-आठ ओळी असतात: थोर, पितृतुल्य, सदैव ऋणी. सगळे एकमेकांचं बघून लिहितात आणि मीही ते खरं मानून सुखाने जगत होतो.

तू आई-बाबांबद्दल लिहिलं आहेस, सुदेष्णांबद्दल लिहिलं आहेस, 'जिन्यातल्या डब्यासाठी' म्हणून देवयानीबद्दल लिहिलं आहेस. ते वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि कारण नसताना शिरा केला. आणि मग माझी एक ओळ आहे: 'प्रा. उदय पेंडसे यांचे आभार, पाचवं प्रकरण वाचल्याबद्दल.'

एवढंच. पितृतुल्य नाही, थोर नाही. तेजस्विनी, त्या आठ-आठ ओळींतल्या किती खऱ्या होत्या ते मला ठाऊक नाही. ही खरी आहे. मी ते वाचलं होतं. तुझे आभार मानायला माझ्याकडे इतकी नेमकी ओळ नाही, म्हणून ही सगळी पानं भरली.

पुढच्या तुकडीपुढे बोलायला पौलमीने मला बोलावलं आहे. तक्ता घेऊन जाणार आहे. प्राण्याचं नाव लिहायला लावलं तर या वेळी काय लिहायचं, ते अजून ठरत नाही. दत्तबाबू म्हणतात, बैलच ठेवा, निदान काम तरी करतो.

शेवटचं. तुझ्या प्रबंधातून ती देवनागरी ओळ गेली, ते बरोबरच झालं. पण त्या दोन जुन्या प्रती माझ्या कपाटात आहेत, आणि त्या मी टाकणार नाही. दोन्हींवर उजव्या कोपऱ्यात 'आला'ची तारीख आहे. तेविसाव्या पानावर मात्र तू जे मागितलं होतंस, ते अजून गेलेलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी अकराला मी तुला फोन करीन. उचलायचा की नाही, ते तू ठरव. काम काही नाही.

उदय पेंडसे